सोलापूरच्या उन्हाळ्यात प्रवाळांची टाकी थंड ठेवताना

२०२४ च्या एप्रिलमधील एका रात्री नऊ वाजता आमच्या दिवाणखान्यातील खाऱ्या पाण्याच्या टाकीचे तापमान ३०.४ अंश सेल्सिअस झाले आणि टाकी बसवल्यापासूनच्या आठ महिन्यांत प्रथमच मला तिची खरी भीती वाटली. एरवी तळहाताएवढे पसरणारे मश्रूम प्रवाळ आक्रसून रुपयाएवढे झाले होते, झोअँथिड या फुलांसारख्या प्रवाळांची तोंडे मिटलेली होती, लेदर प्रवाळ एका बाजूला कलंडला होता आणि क्लाउनफिशची जोडी पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येऊन कल्ले भराभर हलवत होती. दुपारी तीन वाजता, बाहेर ऊन रणरणत असताना, मी तापमान पाहिले होते. तेव्हा ते २८.६ होते आणि आता संध्याकाळ झाली की ते उतरेल, असे मी धरून चालले होते.

आमचे घर जुळे सोलापुरात, तीन मजली इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असून तिच्या खालच्या कपाटात सम्प, म्हणजे टाकीला नळ्यांनी जोडलेली दुसरी छोटी टाकी, आहे. दगडांनी व्यापलेली जागा वगळता दोन्हींत मिळून सुमारे २४० लिटर पाणी मावते. दगडासारखा सांगाडा घडवणारे सर्व कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखे आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, त्यामुळे ते माझ्याकडे नाहीत आणि असूही नयेत. मश्रूम, झोअँथिड आणि लेदर हे मऊ प्रवाळ आणि टाकीतच पैदास झालेले क्लाउनफिश एवढाच या टाकीचा संसार आहे. मऊ प्रवाळ कठीण प्रवाळांपेक्षा सोशिक मानले जातात, परंतु ३०.४ अंशांना तेही पुरे पडत नाहीत, हे त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर दिसत होते.

प्रवाळाच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देते. पाणी सोसवेनासे तापले की ही भागीदारी मोडते, प्रवाळ त्या शैवालाला बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. समुद्रातसुद्धा उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादाच अंश जास्त उष्णता काही आठवडे टिकली तर हे घडू लागते. नेमक्या त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नोआ या सागर व हवामान संस्थेने जगभरातील प्रवाळांचे चौथे व्यापक विरंजन, म्हणजे असे पांढरे पडणे, सुरू असल्याचे जाहीर केले होते आणि पुढच्याच महिन्यात लक्षद्वीपच्या बेटांभोवतालचे प्रवाळ पांढरे पडल्याच्या बातम्या आल्या. त्याशिवाय पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना सव्वासहा. मासे वर येऊन धापा टाकत होते त्यामागे हेच कारण होते.

त्या रात्री मी फ्रीझरमधून बर्फाने गच्च झालेल्या एक-एक लिटरच्या दोन बाटल्या काढून सम्पमध्ये सोडल्या. बाटलीचे झाकण घट्ट असणे आणि बाटली मुख्य टाकीत न सोडता सम्पमध्ये सोडणे या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत, कारण मुख्य टाकीत तिच्याभोवतीचा थंड पट्टा प्रवाळांना उन्हाइतकाच झोंबतो. दोन बाटल्या पूर्ण वितळल्यावर पाणी जेमतेम एका अंशाने उतरले, आणि हिशेब केला तर २४० लिटर पाण्याला तेवढेच अपेक्षित आहे. बर्फ हा रात्र निभावून नेण्याचा उपाय आहे. दोन महिन्यांचा उन्हाळा त्यावर काढता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी आठवडाभर दर दोन तासांनी तापमान वहीत लिहिले. त्याआधी काचेवर चिकटवलेली तापमापक पट्टी काढून टाकली, कारण डिजिटल तापमापकाचे टोक वितळत्या बर्फाच्या पाण्यात बुडवून, तो शून्य दाखवतो याची खात्री करून मी दोन्हींची तुलना केली, तेव्हा पट्टी दीड अंश कमी दाखवत असल्याचे आढळले. वहीतून जे समोर आले ते मला अनपेक्षित होते: टाकी सर्वाधिक तापत होती ती दुपारी नव्हे, तर रात्री साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान. दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब सूर्य मावळल्यानंतर आपली उष्णता खोलीत सोडत होता, आणि त्याच वेळी, आम्हाला सगळ्यांना बसून पाहता यावे म्हणून, टाकीचे दिवे संध्याकाळी पाच ते रात्री अकरा असे लावलेले होते. म्हणजे दिव्यांची उष्णता आणि स्लॅबची उष्णता मी स्वतःच एकावर एक रचत होते.

दिव्यांची वेळ मी दररोज थोडी थोडी सरकवत दोन आठवड्यांत पहाटे चार ते सकाळी दहा अशी केली. एका दिवसात वेळ उलटवली तर प्रवाळांना धक्का बसतो. गच्चीवर चुन्याचे दोन हात दिले. या दोन गोष्टींनी रात्रीचा कमाल आकडा साधारण एका अंशाने खाली आला. शिवाय पहाटे उठल्यावर अंधाऱ्या घरात फक्त टाकी उजळलेली दिसते आणि मश्रूम हळूहळू उलगडताना पाहायला मिळतात, ही त्या बदलाची मला मिळालेली देणगी आहे.

मात्र ऊन वाढतच होते. ज्या दुकानदाराकडून मी टाकीचे बहुतेक साहित्य मागवले होते त्यांनी फोनवर निःसंदिग्धपणे चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, घ्यायला सांगितले, आणि मुंबईतील टाक्यांचा त्यांचा अनुभव पाहता तो सल्ला चुकीचा नव्हता. चिलर आला, मी तो नीटनेटका दिसावा म्हणून टाकीखालच्या कपाटात सम्पशेजारी ठेवला आणि कपाटाची दारे लावून घेतली. चिलर पाण्यातील उष्णता नाहीशी करत नाही, ती पाण्यातून काढून, स्वतःला लागलेल्या विजेच्या उष्णतेसह, बाहेर हवेत टाकतो. हे मला पुस्तकी पातळीवर ठाऊक होते. बंद कपाटात तो स्वतःच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढत राहिला. तीन तासांत कपाटातील हवा ४६ अंशांवर गेली, सम्पच्या काचेला बाहेरून चटका बसू लागला आणि चिलर आपोआप बंद पडला. दारे उघडी ठेवून पाहिले तेव्हा तो चालू राहिला, परंतु सदतीस अंशांच्या खोलीत तो जवळजवळ न थांबता चालत होता आणि ती सगळी उष्णता दिवाणखान्यात येत असल्याने माणसांना तिथे बसवत नव्हते.

या टप्प्यावर माझे सासरे, ज्यांना घरात आम्ही सगळे अप्पा म्हणतो, माझ्या मदतीला आले. त्यांचे सारे आयुष्य गिरणीच्या विणकाम खात्यात गेले. हवा कोरडी झाली की सूत ठिसूळ होते आणि ताण्याचे धागे तुटू लागतात, म्हणून विणकाम खात्यात हवेत ओलावा धरून ठेवावा लागतो, आणि तो मोजण्यासाठी भिंतीवर दोन तापमापक शेजारी शेजारी टांगलेले असतात: एक कोरडा आणि दुसऱ्याच्या टोकाला ओली वात गुंडाळलेला. चिलरशी माझी चाललेली झटापट दोन दिवस पाहिल्यावर ते म्हणाले, "अगं, यंत्र नंतर बघ. आधी ओला काटा किती दाखवतो ते तरी मोज."

आम्ही काचेच्या साध्या तापमापकाच्या टोकाला निरांजनाची कापसाची वात ओली करून गुंडाळली आणि तो टेबलफॅनसमोर धरला. खोलीचे तापमान ३७ अंश होते. ओला तापमापक उतरत उतरत २२ अंशांवर येऊन थांबला. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते, हे माठात पाणी गार करणाऱ्या कुठल्याही घराला सांगावे लागत नाही. परंतु या घरातील हवेत पाणी निव्वळ बाष्पीभवनाने कुठवर गार होऊ शकते, याची सीमा तो ओला काटा आकड्यात दाखवत होता. मला टाकी २६ अंशांवर हवी होती आणि सोलापूरची हवा मला २२ पर्यंतची सवलत देत होती. मुंबईत मे महिन्यात हवा ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल तर हाच ओला काटा २८ च्या खाली उतरत नाही. तिथे पंखा लावून टाकी २६ अंशांवर आणणे शक्यच नाही, म्हणून तिथल्या माणसाने चिलरच सांगावा हे योग्य आहे. ज्या कोरड्या उन्हाळ्याला मी शत्रू मानत होते, त्याचा कोरडेपणाच माझ्या टाकीच्या कामाचा होता.

त्यानंतरचे काम सोपे होते. टाकीवरचे काचेचे झाकण काढले आणि मासे उडी मारून बाहेर पडू नयेत म्हणून त्याजागी ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेली नायलॉनची बारीक जाळी टाकली. संगणक दुरुस्तीच्या दुकानातून बारा व्होल्टचे चार पंखे आणून दोन टाकीवर आणि दोन सम्पवर असे बसवले की त्यांचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावरून तिरपा वाहावा. पंख्यांना तापमान नियंत्रक जोडला, २६.३ अंशांना ते सुरू होतात आणि २५.८ ला थांबतात. प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्यापूर्वी एकदा खाली झोळ देऊन नेली आहे, म्हणजे वायरवरून ओघळणारे खारे पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळाच्या टोकाशी ठिबकते. आणि टाकीच्या संपूर्ण वीजजोडणीला गळती होताच वीज तोडणारे आरसीसीबी बसवून घेतले आहे. मीठ आणि पाणी असलेल्या ठिकाणी ही खबरदारी कोणीही टाळू नये. पंखे दर वर्षी गंजतात आणि बदलावे लागतात. मे महिन्यात शहराचा पारा त्रेचाळीसच्या पुढे गेला असतानाही टाकी २६.५ च्या वर गेली नाही.

परंतु पंख्यांनी एक नवी अडचण उभी केली आणि माझ्या मते सोलापुरात या छंदाची खरी कसोटी तिथेच आहे. टाकीतील पाणी दररोज नऊ लिटरने कमी होऊ लागले. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. नऊ लिटर म्हणजे अडीचशे वॉट उष्णता दिवसरात्र सतत बाहेर काढल्यासारखे आहे, त्यामुळे हा आकडा वाजवीच होता. वाफ होते ती फक्त पाण्याची. मीठ मागेच राहते. म्हणून भर घालायची ती गोड्या आणि शुद्ध पाण्याची. आमच्या बोअरच्या पाण्याचे टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, नऊशेच्या वर आहे. ते रोज नऊ लिटर टाकीत ओतले तर त्यातील क्षार दिवसागणिक साचत जातील. त्यामुळे आरओ आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनमधून काढलेले, टीडीएस शून्य असलेले पाणीच लागते, आणि असे एक लिटर पाणी काढताना आमच्या यंत्रातून तीन लिटर पाणी वाया जाते. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात रोजच्या छत्तीस लिटरचा हा खर्च मला बोचत होता. सासूबाईंनी त्याबद्दल एकदाही तक्रार केली नाही, मात्र वाया जाणाऱ्या पाण्याच्या नळीखाली त्यांनी बादली ठेवली आणि फरशी व जिना त्याच पाण्याने पुसला जाऊ लागला.

याच काळात आम्ही एका लग्नासाठी दोन दिवस बार्शीला गेलो. भर घालण्याचे काम तेव्हा मी हाताने करत असे आणि निघताना सम्प काठोकाठ भरून गेले होते. परत आलो तेव्हा सम्पमधून पाणी वर टाकीत चढवणाऱ्या रिटर्न पंपाच्या कप्प्यातील पाणी तळाला गेले होते, पंप पाण्याबरोबर हवा ओढत घरघरत होता आणि संपूर्ण टाकी बारीक बुडबुड्यांनी दुधाळ झाली होती. खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने पाहिले तर क्षारता हजार भागांत ३५ वरून ३८ वर गेली होती. एका दमात गोडे पाणी ओतून ती खाली आणणे प्रवाळांना आणखी घातक ठरले असते, म्हणून दीड दिवस घेऊन थोडे थोडे पाणी घातले. तरीही कलंडलेला लेदर प्रवाळ त्यानंतर सावरला नाही. आठवड्याभरात तो बुडापासून सडू लागला आणि इतरांना वाचवण्यासाठी मला तो काढून टाकावा लागला. चूक सर्वस्वी माझी होती. त्यानंतर आठ दिवसांच्या आत सम्पमध्ये तरंगता स्विच आणि छोटा पंप बसवून आपोआप भर घालण्याची व्यवस्था केली.

पाण्याचा खर्च कमी करण्याची युक्ती मात्र पुन्हा ओल्या काट्यानेच सुचवली. सोलापुरातील बहुतेक घरांप्रमाणे आमच्याकडेही वाळ्याच्या जाळीचा कूलर आहे, पण त्याची दमट हवा टाकीच्या बाष्पीभवनाला मारक ठरेल, या समजुतीने मी तो दिवाणखान्यात लावू देत नव्हते. अप्पांनी कूलर खिडकीत बसवून समोरची खिडकी उघडी ठेवली आणि दोन्ही तापमापक पुन्हा पाहिले. खोलीचे तापमान ३७ वरून ३० वर आले. ओला काटा मात्र होता तिथेच, २२ वर राहिला. कूलर हवेतील उष्णता खर्चून पाण्याची वाफ करतो, त्यामुळे हवा गार आणि दमट होते, पण दोन्हींचा परिणाम एकमेकांना तोलतो आणि ओल्या काट्याची सीमा हलत नाही. याचा अर्थ असा की टाकी तितकीच गार राहू शकते, आणि खोलीच गार असल्याने तिच्यात शिरणारी उष्णता कमी होते. रोजची भर नऊ लिटरवरून सहा लिटरवर आली. जी वाफ मी महागड्या शुद्ध पाण्याची करत होते, तिचा मोठा भाग आता कूलर बोअरच्या साध्या पाण्याची करत होता आणि घरातील माणसांनाही गारवा मिळत होता. यात दोन पथ्ये आहेत. समोरची खिडकी बंद केली की दमटपणा खोलीत साचतो आणि ओला काटा चढू लागतो; आणि कूलरचा झोत टाकीवर येता कामा नये, कारण त्याबरोबर उडणारे तुषार क्षारांनी भरलेले असतात.

उष्णतेपेक्षाही झटपट जीव घेणारी गोष्ट म्हणजे वीज जाणे. मे महिन्यातील एका वळवाच्या पावसात रात्री अकरा ते पहाटे पाचपर्यंत वीज नव्हती. पाणी गरम व्हायला वेळ लागतो, परंतु पाणी हलायचे थांबले की प्राणवायू त्याआधीच संपू लागतो. आमच्या इन्व्हर्टरवर टाकीतील पाणी हलते ठेवणारा एक वेव्हमेकर आणि एक हवेचा पंप एवढेच जोडलेले आहे. दोन्ही मिळून वीस वॉटही घेत नाहीत, त्यामुळे बॅटरी रात्रभर सहज पुरते. त्या रात्री आम्ही टाकीच्या मागच्या काचेवर वरून खालपर्यंत ओले सोलापुरी टॉवेल लावून ठेवले, खिडक्या उघडल्या आणि दर तासाला टॉवेल पुन्हा भिजवले. पहाटे पाच वाजता तापमान २७.४ होते.

पहिल्या उन्हाळ्यात पांढरे पडलेले दोन मश्रूम ऑगस्टपर्यंत पुन्हा तपकिरी-हिरवे झाले, आणि पुढचा उन्हाळा निर्धास्त जाईल असे मला वाटले. २०२५ चा मे तसा गेला नाही. त्या वर्षी मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला आणि आमच्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून वळवाच्या सरी कोसळत होत्या. बाहेर ऊन नव्हते, माणसे सुटकेचा श्वास टाकत होती आणि माझी टाकी मात्र २८.५ वर गेली. चारही पंखे अखंड फिरत होते. मी वात ओली करून पाहिले: खोली ३१ अंश आणि ओला काटा २७. हवेतच ओलावा भरलेला असताना पाण्याची वाफ होणार कशी! वर्षभर धूळ खात पडलेला चिलर मी बाहेर काढला, यावेळी कपाटात न ठेवता नळ्या वाढवून तो बाल्कनीत, सावलीत ठेवला, आणि ३१ अंशांच्या हवेत त्याने तासातून जेमतेम पंधरा-वीस मिनिटे चालून टाकी २६ वर आणली. एप्रिलच्या कडाक्यात दमून बंद पडलेले तेच यंत्र होते.

तेव्हापासून दिवाणखान्याच्या भिंतीवर, टाकीच्या शेजारी, अप्पांनी एका लाकडी फळीवर दोन तापमापक कायमचे लावले आहेत. ओल्याच्या वातीचे दुसरे टोक पाण्याच्या छोट्या बाटलीत बुडवलेले असते आणि वात दर पंधरवड्याला बदलावी लागते. ओला काटा २४ च्या खाली असेल तर पंखे आणि कूलर पुरतात. तो २५ च्या वर गेला की चिलर सुरू करायचा. मधल्या एका अंशात खाणे कमी घालायचे, दिवे दोन तास कमी करायचे आणि लक्ष ठेवायचे. कोठीत वीस-वीस लिटरचे दोन जार शुद्ध पाण्याने भरलेले असतात. एप्रिल-मेमध्ये ते दोन्ही भरलेले असल्याशिवाय आम्ही मुक्कामाला गावी जात नाही.